फुललेल्या शेताचा धनी

महाकालाच्या दर्शनास येणारे महाराष्ट्रीय यात्रेकरू उज्जैनच्या रेल्वे स्थानकाबाहेर पडले की बहुधा देवास गेटच्याच आसपास मुक्काम करतात. आणि ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून वाढलेल्या या गर्दीत, पोहे-जिलबीच्या गाड्यांपाशी आणि टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात, माघ महिना लागला म्हणजे एक नवीच चौकशी अलीकडे कानी पडू लागली आहे: ‘भैया, सूर्यास्ताला फुलांचे शेत दाखवाल का?’ मोबाइलच्या पडद्यावर प्रोव्हान्सची किंवा आपल्याच जम्मूतल्या भदरवाहची लॅव्हेंडरची जांभळी शेते पाहून ज्यांची दृष्टी तृषार्त झालेली असते, त्यांना माळव्यात लॅव्हेंडर पिकत नाही हे कळल्यावर किंचित विषाद होतो खरा. पण टॅक्सीवाला चतुर असला तर तो उन्हेल-नागद्याच्या वाटेने जावऱ्यापलीकडे, मंदसौरच्या दिशेने गाडी काढतो आणि म्हणतो, ‘अफीम दिखाता हूँ.’

तो दाखवतो ते दृश्य खरोखरच अप्रतिम असते, हे आधी मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. कमरेच्या वर गेलेली राखट हिरव्या पानांची रोपे, त्यांवर पांढरी, क्वचित जांभळट छटेची चार पाकळ्यांची फुले, आणि पश्चिमेकडून तिरपा उजेड आला की त्या विरळ पाकळ्यांतली एकेक शीर स्पष्ट दिसावी इतकी त्यांची पारदर्शकता! छायाचित्रकाराने सूर्याला पाठ न देता त्याच्यासमोर उभे राहावे ते याच कारणासाठी. वेळेचे म्हणाल तर उज्जैनचा सूर्य आपल्या प्रमाणवेळेच्या घड्याळामागे सुमारे २७ मिनिटे चालतो, हे शिप्रेकाठच्या जंतरमंतरात, म्हणजे सवाई जयसिंगाने उभारलेल्या आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांनी गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाच्या देखरेखीखाली दुरुस्त करविलेल्या वेधशाळेत, सम्राट यंत्राच्या छायेवरून आजही पडताळता येते. फोटोच्या निमित्ताने निघालेल्यांनी वाटेत तीही पाहावी. तिकडे मात्र कोणी फारसे फिरकत नाही.

माझी तक्रार दृश्याविषयी नसून ते टिपण्याच्या पद्धतीविषयी आहे. पोपटांचा उपद्रव टाळण्यासाठी शेतावर ताणलेली जाळी ‘फ्रेममध्ये येते’ म्हणून वर उचलायची, जुन्या लुगड्यांचे कुंपण बाजूला सारायचे, वाफ्यात शिरून रोपांच्या मधोमध उभे राहायचे, आणि आठवण म्हणून एखादे बोंड खुडून पिशवीत टाकायचे, हा सर्व प्रकार सुशिक्षित माणसे निःशंकपणे करतात. त्या बोंडापायी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम आपल्या मागे लागू शकेल, हे तर त्यांच्या गावीही नसते.

ज्या तुकड्यात हा प्रवेश होतो तो बहुधा अवघ्या दहा आराचा असतो. अफूचा पट्टा, म्हणजे सरकारी परवाना, ज्याच्या नावे असतो त्या काश्तकाराच्या शेताची मोजणी नार्कोटिक्स खात्याचे अंमलदार येऊन करतात. आणि गेल्या काही वर्षांच्या धोरणानुसार चिरा देऊन चीक काढणाऱ्यास हेक्टरी ४.२ किलो मॉर्फीन भरेल इतका माल सरकारात जमा करावा लागतो, म्हणजे दहा आरांतून ४२० ग्रॅम. ही किमान मर्यादा चुकली तर पुढील साली पट्ट्यावर गदा येते. पाकळ्या दोनचार दिवसांतच गळतात, बोंडे भरतात, कालिकामातेची पूजा होते, आणि मग दुपारनंतर प्रत्येक बोंडाला बारीक चिरे पाडून रात्रभर पाझरलेला चीक पहाटे खरवडून घेण्याचे अत्यंत जिकिरीचे काम सारे कुटुंब करते. एका बोंडाला एकदाच चिरा देऊन भागत नाही, काही दिवसांच्या अंतराने तो पुन:पुन्हा द्यावा लागतो. त्यामुळे मोडलेल्या एका ताटाबरोबर किती पहाटांचा चीक जातो याचा हिशेब शेतकरी मनात करीत असतो, आणि पाहुण्याला कठोर शब्द बोलण्याचा संकोच त्याला गप्प बसवतो.

यावर एक प्रतिवाद हमखास केला जातो: ‘आमच्या फोटोंनी त्या मुलखाची प्रसिद्धीच होते ना?’ लॅव्हेंडरच्या बाबतीत हा युक्तिवाद मला मान्य आहे. भदरवाहच्या शेतकऱ्याने मक्याची जागा लॅव्हेंडरला दिली, शासनाच्या अरोमा मिशनने त्याला रोपे आणि ऊर्ध्वपातनाची यंत्रे पुरविली, २०२२ साली तिथे लॅव्हेंडर महोत्सवही भरला. आज त्याचे तेल, साबण, अत्तर कोणीही विकत घेऊ शकतो, म्हणून त्याच्या शेताची जितकी चित्रे फिरतील तितका त्याचा लाभ. अफूच्या काश्तकाराच्या चिकाला ग्राहक मात्र एकच, सरकार. भाव सरकारचा, तोल सरकारचा. जगभर त्याच्या फुलांची वाहवा झाली तरी त्याच्या पदरात एक पैसा अधिक पडत नाही. शिंदेशाहीतही उज्जैनच्या पेढ्यांवरून हाच माल दमणमार्गे चीनकडे जात असे आणि पुढे इंग्रजांनी मुंबईकडे वाट देऊन त्यावर पासाची जबर जकात बसविली, तेव्हाही फुलाचा पैसा पिकवणाऱ्याखेरीज इतरांच्याच हाती खुळखुळत राहिला.

प्रसिद्धीने त्याला मिळते ती केवळ चोरांची भीती. बोंडे भरण्याच्या दिवसांत या शेतांत खोपटी घालून, कंदील-बॅटऱ्या घेऊन रात्रभर जागता पहारा द्यावा लागतो, कारण उभी बोंडे कापून नेणाऱ्या टोळ्या हा त्या मुलखातला नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी आपण सूर्यास्ताच्या देखण्या चित्राबरोबर त्या शेताचे स्थान, गावाचे नाव आणि बांधावरच्या बाभळीची खूणही जगजाहीर करतो. हे कृत्य, माझ्या मते, रोप तुडवण्यापेक्षाही अधिक बेजबाबदारपणाचे आहे.

आपल्याकडे कास पठारावर याच हौसेने इतकी तुडवातुडव झाली की वनखात्याला आणि ग्रामस्थांना दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, प्रवेशशुल्क आणि आगाऊ नोंदणी लागू करावी लागली. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात गणले जाते, त्याच्या पाठीशी शासन उभे राहिले. दहा आराच्या काश्तकाराच्या पाठीशी कोण उभे राहणार? कर्नाटकात गुंडलुपेटच्या वाटेवर सूर्यफुलांचे शेतकरी फोटोसाठी येणाऱ्यांकडून रोकडा पैसे घेतात, आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही.

मध्य प्रदेशच्या पर्यटन खात्याने महाकालाच्या हारांसाठी गुलाब, शेवंती, झेंडू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून, रीतसर शुल्क ठरवून, सायंकाळच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी अशा काही बांधांची सोय करावी. सिंहस्थ २०२८ साली आहे, तयारीला अवधी आहे. देवास गेटवर उतरणाऱ्या मराठी प्रवाशांना माझी विनंती एवढीच, की अफूचे शेत पाहायचेच असेल तर धन्याला विचारा, बांधावरूनच फोटो घ्या, जाळीला हात लावू नका. आणि चैत्रात सरकारी काट्यावर माल तोलला जाईपर्यंत तो फोटो फोनमध्येच राहू द्या, नंतर टाकलात तरी गावाचे नाव टाकू नका.