मुलांची मागणी आणि दात्याची पाटी

चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या शाळेत जून महिन्यात मुलांना ‘काय हवे?’ असे विचारले, तर फार मोठी मागणी पुढे येत नाही. वह्या, दप्तर, पायांत घालायला बूट. एखादे धीट मूल चेंडू मागते. खरे तर चेंडू तेवढा भेटीचा विषय. बाकीचे सारे मुलाने मागण्यापूर्वीच मिळावयास हवे.

गणवेशाचेच पाहा. केंद्राच्या निकषाप्रमाणे पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलग्यांना वर्षाला दोन गणवेश मिळत. दोहोंसाठी तरतूद ६०० रुपयांची. त्याच बाकावर बसणारा, पण यादीत न बसणारा शेतमजुराचा मुलगा नुसता पाहत राही. त्याची समजूत घालण्याचे काम अर्थातच गुरुजींचे, आणि पुष्कळदा खिशात हात घालण्याचेही. २०२३ साली राज्य सरकारने गणवेश व बूट सर्वांनाच देण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. बूट व पायमोज्यांसाठी मात्र दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले. एवढ्या पैशांत मिळणारा बूट खानदेशच्या काळ्या मातीत किती दिवस टिकतो, हे हिशेबनिसांनी जळगावच्या बाजारात येऊन पाहावे.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने दत्तक शाळा योजना काढली. ‘ड’ वर्ग महानगरपालिका, म्हणजे जळगाव आणि धुळेही, व ग्रामीण भाग यांतील शाळेसाठी ५० लाखांच्या वस्तू दिल्यास पाच वर्षे आणि एक कोटीच्या दिल्यास दहा वर्षे दात्याने सुचविलेले नाव शाळेला जोडण्याची त्यात मुभा होती. मुलांच्या हक्काला असा भाव ठरला.

अमळनेरच्या हायस्कूललाही प्रतापशेठजींचे नाव आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे, पण ते राज्य परक्यांचे होते आणि प्रत्येक मुलाला शिकविणे हे त्याने आपले कर्तव्य मानले नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर ती सबब उरत नाही. शिवाय त्या शाळेची कीर्ती महाराष्ट्रभर झाली ती १९२४ ते १९३० या काळात तेथे शिकविणाऱ्या साने गुरुजींमुळे. छात्रालयातील मुलांची अंथरुणे ते आवरीत, कपडे धूत, आपल्या पगारातून गरीब विद्यार्थ्यांची नड भागवीत. त्या देण्याची पाटी कोठे लागली नाही.

मात्र गुरुजींचे नाव घेऊन आजच्या शिक्षकाकडे त्याग मागणे फार सोयीचे झाले आहे. २०२३ च्या वाढीपूर्वी प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ६,००० रुपये मानधन मिळे, आणि त्यावर तीन वर्षे काढावी लागत. त्यालाच ५ सप्टेंबरला गुलाबाचे फूल द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी लोकवर्गणी गोळा करण्यास धाडायचे, ही कसली कृतज्ञता?

शाळा उघडण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दोन्ही जिल्हा परिषदांना दोनच प्रश्न विचारावेत. पहिल्या दिवशी किती मुलांच्या पायांत बूट असतील? आणि ते देताना त्यांना छायाचित्रासाठी रांगेत उभे केले जाणार आहे काय?