नकाराची सोबत

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमचं नाव निघालं की लगेच ६५ टक्क्यांचा आकडा पुढे येतो. त्याच्याच प्रयोगांतला दुसरा एक आकडा मला अधिक मोलाचा वाटतो.

१९६१चा ऑगस्ट. जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवरचा खटला नुकताच चालला होता. आपण फक्त हुकूम पाळले, हा त्याचा बचाव जगभर गाजत होता. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा मिलग्रॅम तेव्हा येल विद्यापीठात शिकवत होता. स्मरणशक्तीचा अभ्यास आहे असं सांगून त्याने साधी माणसं बोलावली: टपाल कारकून, शिक्षक, विक्रेते, मजूर. मोबदला साडेचार डॉलर. पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ चुकला की बटण दाबायचं, प्रत्येक चुकीला १५ व्होल्ट वाढवत थेट ४५० पर्यंत. झटके खोटे होते, विद्यार्थीही सामील होता. बटण दाबणाऱ्याला मात्र याचा पत्ता नव्हता. ३०० व्होल्टला भिंतीवर धक्के ऐकू येत, थोड्या वेळाने तेही थांबत. तरी ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हेच ते ६५ टक्के.

ही माणसं क्रूर नव्हती. त्यांना घाम फुटत होता, ती थरथरत होती, ओठ चावत होती. मन नको म्हणत होतं आणि हात चालत होता. त्यांना असं फसवणं चूकच होतं. १९६४ साली मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी घेतलेला आक्षेप मला आजही पटतो.

पण मिलग्रॅम पहिल्या निकालावर थांबला नाही. ‘पुढे चालू ठेवा’ असा हुकूम देणारा प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचातला एक उरले. मग त्याने बटण दाबणाऱ्याशेजारी दोन सहकारी बसवले. तेही मिलग्रॅमचेच. एक १५० व्होल्टला उठला, दुसरा २१० ला. या वेळी ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले.

मला सांगायचा आकडा हा. पोलीस, परिचारिका, कचेरीतले कर्मचारी यांना प्रशिक्षणात हुकूम कसा पाळायचा हे शिकवतात. गैर हुकूम आला तर शेजारच्याला बरोबर घेऊन कसं थांबायचं, हेही शिकवलं पाहिजे. कारण एकट्याने नाही म्हणण्याची वेळ आली, तेव्हा चाळिसातल्या चौदांनाच ते जमलं होतं. सहकाऱ्यांमागोमाग उठलेल्यांना नंतर विचारलं, तर बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: ते दोघे नसते, तरी आम्ही थांबलोच असतो.