गुग्गुळाचा डिंक आणि गोळा करणारे हात

वसई, नालासोपारा किंवा विरार स्टेशनबाहेरच्या औषधांच्या दुकानात योगराज गुग्गुळाच्या गोळ्यांची डबी सहज मिळते. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी परतणारा कामगार सांधेदुखीवर ती घेतो. डबीवर कारखान्याचे नाव असते, किंमत असते. परंतु कच्छच्या किंवा राजस्थानच्या रखरखीत माळावर काटेरी झुडपाला चीर देऊन ज्याने हा डिंक गोळा केला, त्याचा उल्लेख कोठेही नसतो. वनौषधींच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म या अनुल्लेखात आहे.

वाळवंटी वनस्पतींमध्ये औषधी द्रव्ये आढळतात, त्यामागे शास्त्रीय कारण आहे. प्रखर ऊन, पाण्याचे दुर्भिक्ष आणि कीड यांच्यापासून पळून जाणे झाडाला शक्य नसते. राळ, डिंक आणि कडू रसायने हीच त्याची शस्त्रे होत. माणसाने त्यांचा उपयोग शोधला. सुश्रुतसंहितेतील उल्लेखाच्या आधारे डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळाचा अभ्यास केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने जनतेच्या पैशातून त्यापासून कोलेस्टेरॉलवरील औषध सिद्ध केले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मात्र गुग्गुळाच्या अर्काने कोलेस्टेरॉल उतरले नाही. परंपरेच्या अभिमान्यांनी हा निष्कर्षही पचविला पाहिजे. औषधाची कसोटी श्रद्धेवर नव्हे, चाचणीवर लागते.

मागणी मात्र थांबली नाही. अधिक डिंकासाठी खोडावर खोल घाव घालून रसायनांचा लेप लावला जातो आणि झाड मरते. २०१५ पासून जागतिक यादीत गुग्गुळ अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. याचा दोष गोळा करणाऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. ज्याचा झाडावर हक्क नाही आणि ज्याच्या मालाचा भाव व्यापारी ठरवितो, त्याने उद्याच्या झाडाची चिंता कोणत्या भरवशावर करावी?

दक्षिण आफ्रिकेतील कलहारी वाळवंटाचा अनुभव याहून बोलका आहे. तेथील सान आदिवासी शिकारीच्या लांब वाटेवर भूक मारण्यासाठी हुडिया ही वनस्पती चघळत. तेथील सरकारी संशोधन संस्थेने सानांना न विचारता तिच्यातील द्रव्याचे पेटंट घेतले आणि ते परदेशी कंपनीकडे सोपविले. संघर्षानंतर २००३ साली सानांना वाटा देणारा करार झाला. पुढे २००८ साली एका बड्या कंपनीने गुण आणि सुरक्षितता यांविषयीच्या शंकांमुळे हा प्रकल्प सोडला. संस्था सरकारी असली म्हणजे न्याय आपोआप होतो, हा भ्रम येथे दूर झाला.

भारतात जैवविविधता कायदा २००२ साली आला. देशी कंपन्यांनीही लाभाचा वाटा दिला पाहिजे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. परंतु २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना या जबाबदारीतून सूट दिली. उद्योगावरील कागदपत्रांचे ओझे कमी व्हावे, हा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. पण ओझे कमी करणे वेगळे आणि हिस्सा बुडविणे वेगळे. गुग्गुळ सुश्रुताने लिहून ठेवला, म्हणून डिंक गोळा करणाऱ्याचा वाटा संपावा, हे कोणते न्यायशास्त्र?

वसईत वाळवंट नाही. पण पूर्वेला तुंगारेश्वरचे जंगल आहे आणि गुळवेल, बेहडा ओळखणारे वारली, कातकरी, मल्हार कोळी पालघर जिल्ह्यात आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न तोच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी आणि पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करणेही कायद्याने बंधनकारक आहे. महापालिकेत आणि ग्रामपंचायतींत ही नोंदवही कार्यकर्त्यांनी मागून पाहावी. ती पाड्यावर बसून लिहिली गेली की कचेरीत, हे विचारावे. सामूहिक दावे दाखल करावेत, विक्रीसाठी सहकारी संस्था उभाराव्यात. वनस्पतीचा गुण प्रयोगशाळा ठरवील. तिच्या मोलातील वाटा मात्र संघटित लोकांनाच मिळवावा लागेल.