मेपलवरची उंटअळी

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले तरी दारावरची दिव्यांची माळ मी काढलेली नाही. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये ते खपून जातं, तोवर शेजाऱ्यांच्या ख्रिसमसच्या माळा लागलेल्या असतात :) काल रात्री माळेपाशी दोन भुरे पतंग दिसले आणि जुनी चूक आठवली.

हे घर आम्ही २००६ मध्ये घेतलं ते परसातल्या मेपलसाठी. पुढच्याच मे महिन्यात त्याच्या पानांची चाळण झाली. बाबांना फोटो पाठवला. आयुष्यभर सोयाबीन केलेला माणूस, लगेच म्हणाले, "अरे, ही तर उंटअळी!" कुळ वेगळं, पण पाठीची कमान करून चालायची तऱ्हा तीच.

हा विंटर मॉथ, मूळचा युरोपचा. तो इथे आलाय हे २००३ मध्ये नक्की झालं. पानं गळाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात नर उडतात. मादीला पंख नावापुरतेच, ती खोडावरून चालत वर जाते आणि सालीच्या फटीत अंडी घालते. एप्रिलमध्ये कळ्या फुगतात त्याच सुमारास अळ्या बाहेर येतात आणि थेट कळीत शिरतात. काही तर रेशमाच्या धाग्याला लटकून वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जातात. मग मातीत कोष, थेट नोव्हेंबरपर्यंत. किनाऱ्याजवळ त्याचं राज्य. आतल्या कडक थंडीच्या भागात तो विरळ होत जातो.

मी काय केलं? सलग तीन वर्षं पैसे मोजून फवारणी करून घेतली. झाड त्या-त्या वर्षी वाचायचं, पुढच्या वसंतात अळ्या पुन्हा हजर.

दरम्यान, २००५ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे जोसेफ एल्किंटन आणि त्यांचे सहकारी युरोपातलीच एक माशी इथे सोडत होते, सायझेनिस अल्बिकान्स. कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्ये १९५० च्या दशकात हाच उपाय लागू पडला होता. माशी कुरतडलेल्या पानांवर बारीक अंडी घालते, अळी ती पानाबरोबर गिळते आणि माशीचं पिल्लू आतून तिचा कोष संपवतं. पण माशीचीही वर्षाला एकच पिढी, त्यामुळे तिचा जम बसायला बरीच वर्षं गेली. २०१० चं दशक संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी पतंग आटोक्यात आला. मातीतले भुंगेही कोष खातात, त्यांचाही यात वाटा आहे.

"परका किडा मारायला दुसरा परका आणायचा?" असं एक मित्र विचारतो. शंका रास्त आहे. १९०६ पासून याच भागात सोडलेली कॉम्प्सिल्युरा नावाची माशी दीडशेहून जास्त जातींवर तुटून पडली, इथले देखणे रेशीम पतंगही तिने सोडले नाहीत. म्हणून तर माशी निवडताना ती आणखी कुणाला खाते हे आधी बघायचं. सायझेनिस जवळजवळ या एकाच पतंगावर जगते. माझ्या फवारणीला मात्र असला काही विवेक नव्हता. ज्या अळीच्या पोटात ही माशी वाढत असेल, तीही मीच मारली असणार.

म्हणून माझं मत असं: अशी कीड आली की माझं झाड, माझा फवारा हा हिशोब अपुरा पडतो. पैसा आणि धीर दोन्ही अशा सगळ्यांच्या कामात घालायला हवेत, फळ दहा वर्षांनी दिसलं तरी.

असो. यंदा मेपलच्या पानांना चार भोकं होती. असू देत.