सामायिक दालनाचे प्रयोजन

विद्यापीठाच्या नव्या इमारतीचा आराखडा होतो तेव्हा वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि विभागप्रमुखांचे कक्ष यांची मोजमापे आधी ठरतात. अध्यापक व विद्यार्थी यांच्या सामायिक दालनाला उरलेली जागा मिळते. आणि पुढे जागेची चणचण भासली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. ही काटकसर दिसते तितकी निरुपद्रवी नव्हे.

ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात १६६१ साली अध्यापकांसाठी असे दालन सुरू झाले. मात्र त्या परंपरेत ज्येष्ठांचे दालन निराळे, विद्यार्थ्यांचे निराळे. आपल्याकडील ‘स्टाफरूम’ने ही भिंत तेवढी जपली, संवादाची सवय मात्र जपलीच असे नाही. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसने आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गंगा ढाब्याने ही उणीव भरून काढली, असे म्हणावयास हरकत नाही.

मग चहाची टपरी असताना दालन हवे कशाला, असा आक्षेप येईल. परंतु टपरी सर्वांना सारखीच खुली नसते. लांबून येणाऱ्या विद्यार्थिनीला दोन तासांच्या मधला वेळ निर्धास्तपणे घालविण्यास जागा लागते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषदही ‘कॉमन रूम’ची गणना स्त्रियांसाठीच्या सुविधांत करते, ती यामुळेच. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाला तर स्वतःचे टेबलही नसते. सामायिक दालन गेले की तो केवळ व्हरांड्याचा रहिवासी उरतो.

भारतीय भाषांच्या विभागांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. अनेक भाषांचे अध्यापक तेथे एका छताखाली असतात, पण बहुधा बंद दारांआड. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती आणि तमिळ संघम् वाङ्मयातील ‘अकम्’ काव्य यांमधील साम्याची चर्चा अभ्यासकांनी केली आहे. अशा साम्याचा माग एकट्या मराठीच्या वा एकट्या तमिळच्या अभ्यासकाला सहजी लागत नाही. शेजारी बसलेल्याने सहज उच्चारलेल्या एखाद्या ओळीने तो लागू शकतो. जादवपूर विद्यापीठात १९५६ साली तौलनिक साहित्याचा विभाग स्थापन झाला. तेव्हापासून या विषयाला आपल्याकडे पदव्या मिळाल्या, अभ्यासक्रम मिळाले. परंतु तुलना ही अभ्यासक्रमाइकीच सहवासाचीही गोष्ट आहे, हे प्रशासनाच्या ध्यानी आलेले दिसत नाही. चर्चासत्रात प्रत्येक जण आपला निबंध वाचून मोकळा होतो. अर्धवट सुचलेली शंका तेथे कोणी मांडीत नाही. ती मांडण्याचे धैर्य चहाच्या पेल्याशेजारीच येते.

मागणी मोठी नाही. एक दालन, लांब टेबल, चार-सहा भाषांतील वृत्तपत्रे व नियतकालिके, आणि दारावर कोणत्याही पदनामाची पाटी नको. कायम अध्यापक, तासिकांवरील अध्यापक, संशोधक आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी यांना तेथे सारखाच प्रवेश असावा. ज्या विद्यापीठाला एवढी जागा सापडत नाही, त्याने आपल्या बहुभाषिकतेचा गौरव माहितीपुस्तिकेत छापताना थोडा विचार करावा.