सर, जरा स्क्रीनकडे बघा!

आपल्या मूडलवर कुठलाही कोर्स उघडून बघा. युनिट वनची पीडीएफ, युनिट टूची पीडीएफ, मागच्या वर्षीची असाइनमेंट आणि त्याखाली भयाण शांतता! सातारा-सांगलीच्या इतर कॉलेजांतल्या मित्रांना विचारलं, तर तिकडेही हीच रड. मार्टिन डुगियामासने २००२ साली मूडलची पहिली आवृत्ती आणली आणि ते फुकट दिलं. त्यावर क्विझ आपोआप तपासली जाते, चुकलेल्या उत्तराखाली लगेच खुलासा दिसतो, प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात. आणि आपण त्याचं पीडीएफचं गोडाऊन करून टाकलंय. यात नुकसान कुणाचं? व्हायवाच्या आदल्या रात्री ‘हे चूक की बरोबर’ म्हणून रूम नंबर शोधत फिरणाऱ्या आपलंच.

हॉस्टेलवर यावर एकच उत्तर मिळतं, “सरांना जमत नाही रे!” मला हे मान्य नाही. सरांना शिकवतो कोण आणि कसं, ते आधी बघा. एक दिवसाची कार्यशाळा, प्रोजेक्टर, पन्नास-साठ जण, पुढे एक तज्ज्ञ भराभर क्लिक करणार, मग चहा, मग सर्टिफिकेट. आठ दिवसांनी सर केबिनमध्ये एकटे बसतात तेव्हा ते बटण सापडत नाही. पंचवीस वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवलेला माणूस “बेटा, हे कुठं असतं रे?” असं विचारायला चारदा विचार करतो. शेवटी पासवर्ड जातो कुणातरी ज्युनिअरकडे आणि तो बिचारा सगळ्या डिपार्टमेंटच्या पीडीएफ चढवत बसतो!

यावर सोपा इलाज म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग. काम करताना स्क्रीनवर जे दिसतं ते आवाजासकट टिपायचं. सर ते केबिनचं दार लावून पाच वेळा मागे-पुढे करून बघू शकतात, कुणाला विचारायला नको. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने हेच केलंय. साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ, आधी लिहून काढलेली स्क्रिप्ट. स्क्रीन इंग्रजीच, पण आवाज मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांत. बघणाऱ्याने अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ लावून उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून बघायचं. मूडलवरही त्यांची मालिका आहे.

मग आपण वेगळं कशाला करायचं? कारण २०२२ साली मूडल ४.० आलं आणि तोंडवळाच बदलला. जुन्या व्हिडिओत ‘टर्न एडिटिंग ऑन’ एका जागी दिसतं आणि आता वर उजव्या कोपऱ्यात ‘एडिट मोड’ची खटकी असते. सर दहा मिनिटं ते बटण शोधतात आणि खिडकी बंद करतात. म्हणून क्लिप आपल्याच पोर्टलची हवी, आपल्याच बोलीत हवी. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याने तर आधी ‘एनरोलमेंट’ला मराठीत काय म्हणायचं याचा सराव करावा! ‘पोरांची नावं कोर्सात घालणं’ म्हटलं की झालं.

एका क्लिपमध्ये एकच काम, तीन मिनिटांच्या आत. कर्सर मोठा ठेवा, क्लिक करण्याआधी बोला. आणि चुकीचं बटण दाबल्यावर मागे कसं यायचं तेही दाखवा, कारण खरी भीती तीच असते. ‘काही उडालं तर?’ असं मनात आलं की हात थांबतो. ओबीएस फुकट आहे. खरा मार्क, खरं नाव, मोबाईल नंबर स्क्रीनवर दिसता कामा नये, हे सांगायला नको.

लॉकडाऊनमध्ये, म्हणजे २०२० साली, हेच रेकॉर्डिंग भलत्या कामाला लागलं होतं. म्यूट राहिलेले सर, उलटा कॅमेरा धरलेल्या मॅडम... अशा क्लिपा ग्रुपवर फिरल्या, लोक पोट धरून हसले. त्याच मॅडम त्या वेळी घरच्या स्वयंपाकघरात फळा टेकवून शिकवत असतील, हे कुणी फॉरवर्ड केलं नाही. कर्मवीर भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडवायला ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यात शाळा काढायची तर आधी मास्तर तयार पाहिजे, हा साधा हिशेब होता. संगणकाच्या बाबतीत तो हिशेब आपण विसरलो.

“सरांनी स्वतः शिकावं, आम्ही काय पगारी आहोत?” असं कट्ट्यावर ऐकू येईल. येऊ दे. इव्हेंटच्या प्रोमोसाठी रात्र-रात्र एडिटिंग करणारी पोरं आपल्याकडे ढिगाने आहेत, त्यांनी तीन मिनिटं द्यायला हरकत नसावी.

एक अडचण मात्र खरी आहे. आपल्या लॉगिनवरून शिक्षकांची बटणं दिसतच नाहीत. म्हणून मूडल सांभाळणाऱ्या सरांना विनंती, की एक खोटा कोर्स उघडून द्या, त्यात चार खोटे विद्यार्थी घाला आणि आमच्यापैकी दोघा-तिघांना फक्त त्याच कोर्सात टीचरचा रोल द्या. पहिली क्लिप क्विझची करू. दुसरी ‘स्विच रोल’ची, म्हणजे आपला कोर्स पोरांना कसा दिसतो ते सरांना बघता येईल. ती गोडाऊनची शांतता त्यांनीही एकदा बघावीच.