पहिल्या दिवसाचे गिऱ्हाईक

३० जानेवारी २०२५ रोजी एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने आपले ‘आरटीएक्स ५०९०’ हे ग्राफिक्स कार्ड विक्रीस काढले, तेव्हा अमेरिकेतील मायक्रो सेंटर या दुकानसाखळीच्या काही दुकानांबाहेर ऐन थंडीत तरुणांनी आधीपासूनच तंबू ठोकले होते. दुकाने उघडली आणि पाहता पाहता माल संपला. संकेतस्थळांवर तर तो काही मिनिटांतच संपला. जाहीर किंमत होती १,९९९ डॉलर. पुनर्विक्रीच्या बाजारात त्याच कार्डाला लगोलग दुप्पट भाव सांगितला जाऊ लागला. मागणी मोठी असल्याने माल संपण्याचा संभव आहे, असे कंपनीच्या वतीने विक्रीपूर्वीच सांगून ठेवण्यात आले होते. म्हणजे टंचाई अनपेक्षित नव्हती. ती वेळापत्रकात धरलेली होती.

हे दृश्य उतारवयातील मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटू नये. सत्तरीच्या दशकात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी, आणि नंबर लागताच तीच स्कूटर वरचे पैसे घेऊन दुसऱ्याला देणारी माणसे गावोगाव होती. हा परवाना पद्धतीचा दोष आहे, खुल्या बाजारात रांग उरत नाही, असे तेव्हा सांगितले जाई. त्या टीकेत तथ्य होते, हे समाजवाद्यांनीही मान्य करण्यास हरकत नाही. परंतु मग खुल्या बाजाराच्या माहेरघरीच रांग का लागावी आणि काळ्या बाजाराला पूर का यावा? याचे उत्तर शोधल्यावाचून ‘पहिल्या दिवशी घ्यावे की थांबावे’ या प्रश्नाचा उलगडा होत नाही. आणि हा प्रश्न आज पुण्यामुंबईतील, नाशिक-नागपुरातील हजारो घरांत मुले आईबापांना विचारीत आहेत.

भारतात या कार्डाची जाहीर किंमत २,१४,००० रुपये ठेवण्यात आली. भारतीयाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सध्या दोन लाख रुपयांच्या आसपास आहे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र जलद रंगविणारा एक सुटा भाग, आणि त्याचे मोल एका माणसाच्या वर्षभराच्या सरासरी उत्पन्नाहून कमी नाही. शिवाय कंपनीच्याच शिफारशीनुसार त्याला १,००० वॉटचा वीजपुरवठा संच लागतो. तोही बहुतेकांना नव्याने घ्यावा लागतो. कार्ड पूर्ण भाराने चालताना ५७५ वॉट वीज खाते. रोज चार तास धरले तर महिन्याला ६९ युनिट होतात. ज्या घराचा वापर शंभर युनिटांच्या आत राहत होता, ते घर एवढ्याने वरच्या दराच्या टप्प्यात जाते. या गोष्टी जाहिरातीत नसतात.

‘चंगळवाद’ हा शब्द उच्चारून विषय झटकून टाकणे अर्थातच सोपे आहे. तसे करणे बरोबर होणार नाही. दिवसभर कारखान्यात किंवा कार्यालयात राबलेल्या तरुणाने रात्री दोन तास खेळात घालविले, तर त्यात पाप काही नाही. आणि ज्याच्या हाताला या कार्डामुळे काम मिळते असा चलचित्रकार किंवा वास्तुरचनेची चित्रे करणारा कारागीर यांच्या दृष्टीने तर ते सुताराच्या रंध्याप्रमाणे उत्पादनाचे साधन आहे. प्रश्न वस्तूच्या योग्यायोग्यतेचा नाही. पहिल्याच दिवशी, पहिल्याच किमतीस ती घेण्याची जी घाई निर्माण केली जाते, तिचा आहे.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीसंबंधी एक मार्मिक निबंध लिहिला. टिकाऊ वस्तूचा मक्तेदार हा स्वतःचाच प्रतिस्पर्धी असतो, असा त्याचा आशय. आज चढ्या भावाने विकून झाले की उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी उद्या त्याला भाव उतरवावाच लागतो. गिऱ्हाइकाला हे ठाऊक असते म्हणून ते आजच थांबते, आणि मक्तेदाराची ताकद वाळूसारखी निसटते. यातून सुटण्याचे मार्ग मक्तेदाराजवळ मोजकेच आहेत. माल कमी काढावा, म्हणजे थांबणाऱ्याच्या मनात भीती राहते. आणि ठरावीक काळाने नवी आवृत्ती आणून जुनी बंद करावी, म्हणजे उतरलेल्या भावाचा दिवस उजाडतच नाही. तंबू ठोकणारा तरुण कोस वाचीत नसेल, पण त्याच्या मनातील भीती नेमकी हीच असते. वरच्या श्रेणीत आज एन्व्हिडियाला प्रतिस्पर्धीच नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीने २०२५ च्या आपल्या मालिकेत त्या शिखरावर चढण्याचा प्रयत्नच केला नाही.

नव्या आवृत्तीत नवे किती, हेही तपासून पाहावे. आधीचे ४०९० हे कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५९९ डॉलरला आले. ५०९० ची किंमत त्याहून पाव पटीने अधिक. वीज ४५० वॉटवरून ५७५ वर गेली, म्हणजे तीही पाव पटीहून थोडी अधिकच. आणि खेळांतील वेग? उच्च दर्जाच्या पडद्यावर तो साधारण पंचवीस ते पस्तीस टक्क्यांनी वाढल्याचे स्वतंत्र चाचण्यांत दिसले. दोन्ही चिपा तैवानच्या टीएसएमसीच्या एकाच जातीच्या प्रक्रियेवर तयार झालेल्या आहेत. नवी चिप आकाराने मोठी आणि अधिक वीज खाणारी आहे, एवढाच मुख्य फरक. स्मृती २४ ची ३२ गिगाबाइट झाली, ही मात्र खरी भर. ती वगळली तर रुपयामागे मिळणारे काम सव्वादोन वर्षांत जवळपास जागच्या जागी राहिले. संगणकाच्या व्यवसायात हे अपूर्वच म्हणावे लागेल. २०१७ साली १०८० टीआय हे त्या काळचे खेळाडूंसाठीचे अग्रेसर कार्ड ६९९ डॉलरला मिळत होते आणि २०२० साली त्याहून कितीतरी वेगवान असे ३०८० त्याच ६९९ डॉलरला जाहीर झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे बदल कोठे झाला ते कळते.

बदल गिऱ्हाइकात झाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एन्व्हिडियाची एकूण विक्री १३०.५ अब्ज डॉलर होती. त्यांपैकी ११५.२ अब्ज डॉलर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रागारांकडून आले. खेळाडूंकडून आले सुमारे ११.४ अब्ज. म्हणजे शंभरांतले नऊ डॉलरही नाहीत. ज्या खेळाडूंच्या पैशावर ही कंपनी उभी राहिली, ते आज तिच्या ओसरीवरचे पाहुणे आहेत. घरात जागा उरली तर त्यांना आत बोलावले जाते.

पहिल्या दिवशी खरेदी करणारा आणखी एका गोष्टीला मुकतो; ती म्हणजे माहिती. ६ जानेवारी २०२५ रोजी लास व्हेगास येथील प्रदर्शनात कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड ४०९० इतके काम करील, असे सांगितले. पडद्यावर उमटणाऱ्या दर चार चित्रांपैकी तीन यंत्राने अंदाजाने भरलेली असतील तरच हे विधान खरे ठरत होते. मार्चमध्ये कार्ड बाजारात आले आणि चाचण्यांत ते ४०९० च्या खूपच मागे राहिले. मूळ पिठात तिप्पट पाणी घालून पिठले वाढविले तर पंगत उठते खरी. ते अधिक पीठ नव्हे, हे वाढणाऱ्याने सांगायला हवे. फेब्रुवारीत आणखी एक प्रकार उघडकीस आला. काही ५०९० व ५०७० टीआय कार्डांत चित्र पूर्ण करणाऱ्या घटकांची संख्या ठरल्यापेक्षा कमी निघाली. असा माल अर्ध्या टक्क्याहून कमी आहे आणि त्यामुळे वेगात सरासरी चार टक्क्यांची घट होते, असे कंपनीने मान्य केले व कार्ड बदलून देण्याची व्यवस्था झाली. वीजजोडणीचे टोक वितळण्याच्या ज्या तक्रारी २०२२ मध्ये ४०९० बाबत आल्या होत्या, त्याही त्याच महिन्यात नव्या कार्डाबाबत पुन्हा ऐकू आल्या. हे सारे शोधून काढले ते पहिल्या गिऱ्हाइकांनी, स्वतःच्या खर्चाने. परीक्षण करणाऱ्यास कारखान्यात वेतन मिळते; येथे परीक्षकच दोन लाख रुपये मोजतो.

त्याच वर्षी मे महिन्यात ५०६० हे स्वस्त कार्ड आले, तेव्हा तर स्वतंत्र समीक्षकांना विक्रीपूर्वी आवश्यक ती आज्ञावलीच मिळाली नाही. ज्या कार्डाचे गिऱ्हाईक सर्वांत गरीब, त्याच्याबाबत माहिती सर्वांत उशिरा.

तर मग थांबावे, एवढे म्हणून भागेल काय? येथे पोथीनिष्ठ उत्तर फसते. ३०८० ज्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये पहिल्या दिवशी ६९९ डॉलरला घेतले, ते शहाणे ठरले. पुढील वर्षी तेच कार्ड दुप्पट भावानेही मिळेना, कारण ईथर या आभासी चलनाचे खाणकाम करणारे ते घाऊक उचलीत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये ईथरची पद्धती बदलली आणि ते खाणकाम संपले, तेव्हा जुन्या कार्डांनी बाजार भरला. ४०९० साठी थांबणारेही फसले. दोन वर्षांत ते जाहीर किमतीखाली सहसा उतरले नाही, उलट शेवटी शेवटी महागच झाले. याउलट ४०८० पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते १,१९९ डॉलरला आले, खेळाडूंनी पाठ फिरविली, आणि जानेवारी २०२४ मध्ये किंचित अधिक वेगवान असे ‘४०८० सुपर’ ९९९ डॉलरला आणावे लागले. थांबणाऱ्याला दोनशे डॉलर मिळाले.

या तीन उदाहरणांतील भेद वेगाचा नव्हे. ज्या कार्डाला खेळाडूखेरीज दुसरे धनवान गिऱ्हाईक आहे, ते उतरत नाही. ज्याला नाही, ते उतरते. ४०९० ची २४ गिगाबाइट स्मृती कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्यांना हवी होती. ४०८० ची सोळा तितकी नको होती. हाच नियम नव्या मालिकेलाही लागू पडला. २०२५ च्या उत्तरार्धात अमेरिकेत ५०७० आणि ५०८० जाहीर किमतीस मिळू लागली. ५०९० मात्र त्या किमतीस क्वचितच दिसले. त्यानंतर वर्षअखेरीस यंत्रागारांच्या मागणीमुळे स्मृतीच्या चिपांचेच भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या कंपनीने सर्वसामान्य ग्राहकांसाठी असलेला आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, तेही मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरविण्यासाठी. थांबणाऱ्याच्या पायाखालची वाट अशा रीतीने दुसराच कोणी उचलून नेतो.

तेव्हा घरात प्रश्न निघेल तेव्हा पहिली विचारणा वेगाची नको. या कार्डावर मिळकत होणार आहे काय, ही हवी. ज्याच्याकडे आज काम आहे, जुन्या कार्डावर ते रात्रभर रेंगाळते आणि ३२ गिगाबाइटविना होतच नाही, त्याने जाहीर किमतीस मिळाल्यास पहिल्या दिवशी घ्यावे. वर पैसे देऊन मुळीच नाही. वस्तू व सेवा कराची नोंदणी असेल तर अठरा टक्के कराची वजावटही त्याला मिळते. २,१४,००० ही रक्कम करासह धरल्यास त्यात कराचे बत्तीस हजारांवर रुपये आहेत. खेळाडूला ही सवलत नाही, विद्यार्थ्यालाही नाही. चलचित्रकला किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तर दूरस्थ यंत्र तासाच्या भाड्याने घ्यावे आणि महाविद्यालयाकडे सामायिक प्रयोगशाळेची मागणी करावी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपेपर्यंत नवी आवृत्ती आलेली असते आणि ‘बिनव्याजी’ हप्त्यांतले शेवटचे चार-दोन राहिलेले असतात. अमेरिकेतील मामाने बॅगेत घालून आणावे, हा मराठी मध्यमवर्गाचा आवडता तोडगा. त्यात हमी पुष्कळदा देशाच्या सीमेवरच संपते, हे मामाला ठाऊक नसते.

केवळ खेळण्यासाठी घेणाऱ्याने पहिले तीन-चार महिने जाऊ द्यावेत आणि मधल्या श्रेणीकडे पाहावे. स्टीम या खेळविक्री केंद्राच्या मासिक पाहणीत वर्षानुवर्षे ‘साठ’ आकड्यांची साधी कार्डेच आघाडीवर दिसतात. खेळ रचणाऱ्यांनाही आपला माल या बहुसंख्यांनाच विकायचा असतो. त्यामुळे शिखरावरचे कार्ड नसल्याने कोणाचा खेळ अडत नाही.

मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून कुटुंबांचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करण्याची रीत पाडली. संगणकाच्या सुट्या भागांसाठी असा संघ नाही, आणि एन्व्हिडियासारख्या विक्रेत्यापुढे तो टिकेल काय, अशी शंका कोणीही घेईल. तरीही सप्टेंबर २०२२ ची एक हकिकत नोंदण्याजोगी आहे. त्या महिन्यात कंपनीने ४०८० या एकाच नावाची दोन भिन्न कार्डे जाहीर केली. त्यांतले बारा गिगाबाइटचे कार्ड वस्तुतः खालच्या श्रेणीचे होते आणि त्याची किंमत ८९९ डॉलर होती. समीक्षक आणि खेळाडू यांनी जगभर एकच गिल्ला केला. १४ ऑक्टोबर रोजी, म्हणजे विक्री सुरू होण्यापूर्वीच, कंपनीने ते कार्ड मागे घेतले. पुढील जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय या नावाने आले, किंमत ७९९ डॉलर.